एका जुन्या कॅमेऱ्याची संगत

आजकाल जवळजवळ प्रत्येक माणसाच्या खिशांत कॅमेरा असतो. तो न मोजतां, न थकतां, हवीं तितकीं चित्रें टिपतो; अंतर, प्रकाश, वेग ह्यांची चिंता स्वतःच वाहतो. अशा काळांत एखादा माणूस साठ-सत्तर वर्षांपूर्वींचा, चावी फिरवून चालणारा, फिल्मचा रोल घालावा लागणारा कॅमेरा मुद्दाम विकत घेतो, गळ्यांत अडकवून रविवारीं सकाळीं बाहेर पडतो आणि दोन तासांत जेमतेम आठ-दहा चित्रें घेऊन समाधानानें परततो. "ह्यांत मिळतें तरी काय?" असें त्याला घरचीं माणसें विचारतात, शेजारी विचारतात, आणि कोपऱ्यावरचा चहावालाहि विचारतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर जुन्याच्या मोहांत नव्हे, त्या यंत्राच्या घडणींत आणि त्याच्या इतिहासांत शोधावयास हवें.

उदाहरणादाखल एकच कॅमेरा पुरे. त्याचें नांव फेड. पूर्वींच्या सोव्हिएट संघांत, युक्रेनमधील खारकोव्ह, म्हणजे आजच्या खार्किव्ह शहरांत, तो तयार होत असे. त्याची दुसरी आवृत्ति, फेड-२, १९५५ सालीं निघाली आणि १९७० पर्यंत लाखोंच्या संख्येनें तयार झाली. म्हणून ती दुर्मिळ नाहीं. आणि दुर्मिळ नाहीं म्हणूनच स्वस्त आहे. ज्या जर्मन कॅमेऱ्याच्या घराण्यांत तिचा जन्म झाला, त्याच्या किमतीच्या एका लहानशा अंशांत ती अजूनहि मिळते. वजन अर्ध्या किलोहून थोडें अधिक, अंग धातूचें, वर दोन-तीन चाव्या, पुढें एक भिंग. विजेची घटमाळा नाहीं, प्रकाश मोजणारा कांटा नाहीं. जें कांहीं करावयाचें तें माणसाच्या बोटांनीं आणि बुद्धीनें.

ह्या घराण्याचा मूळ पुरुष जर्मनींतील वेट्सलार गांवचा. तेथें अर्न्स्ट लाइट्स यांच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा कुशल कारागीर काम करीत असे. त्याला फोटोग्राफीचा नाद होता, पण जोडीला दम्याची व्याधि होती. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लांकडी पेटी, कांचेच्या जड पट्ट्या आणि तिपाई असा सारा संसार. तो पाठीवर घेऊन डोंगर चढणें बार्नाकला झेपेना. सिनेमासाठीं वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यानें आडवी चालविली आणि सिनेमाच्या दोन चौकटींची जागा एका चित्राला दिली. त्यांतून २४ बाय ३६ मिलिमीटर हें माप निघालें, आणि तें आजतागायत टिकून आहे. १९१४ च्या सुमारास त्याचा पहिला नमुना सिद्ध होता. पण महायुद्ध आडवें आलें. अखेर १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत 'लायका' ह्या नांवानें तो कॅमेरा लोकांपुढें मांडला गेला.

पहिल्या लायकांत एक उणीव होती. समोरची वस्तु किती दूर आहे हें नजरेनें अजमावून तो आंकडा भिंगावर लावावा लागे. अंदाज चुकला कीं चित्र धूसर. १९३२ सालच्या दुसऱ्या लायकांत अंतर मोजण्याची योजना थेट भिंगाशीं जोडण्यांत आली. हाच तो रेंजफाइंडर, आणि ह्या साऱ्या कथेंतला खरा आनंद त्याच्याच पोटांत आहे.

रेंजफाइंडरचें तत्त्व माणसाच्या दोन डोळ्यांइतकें जुनें आहे. नाकापुढें बोट धरून आधीं एक डोळा मिटावा, मग दुसरा. बोट जागचें हललें असें वाटतें. बोट जितकें जवळ, तितकी ही हालचाल मोठी. जितकें दूर, तितकी लहान. म्हणजे ह्या हालचालीवरून अंतर सांगतां येतें. तोफखान्यांतील सैनिक लक्ष्य किती दूर आहे हें ह्याच त्रिकोणाच्या गणितानें काढीत. कॅमेऱ्याच्या पुढल्या अंगावर दोन खिडक्या असतात. एकींतून डोळा सरळ पाहतो. दुसरींतून आलेला प्रकाश आंतल्या आंत वळविला जातो आणि पहिल्या खिडकीमागील अर्धवट चकाकणाऱ्या कांचेवरून डोळ्यांत पोंचतो. त्यामुळें दृश्याच्या मध्यभागीं, एका लहानशा ठिपक्यांत, एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात: एक ठाम आणि एक पुसट. भिंग फिरवितांच त्याला टेकलेली एक लहानशी दांडी हलते आणि पुसट प्रतिमा बाजूस सरकूं लागते. सरकत सरकत ती ठाम प्रतिमेवर येऊन बसते, दोन्ही एकरूप होतात, आणि त्याच क्षणीं भिंग बरोबर त्या अंतरावर जुळलेलें असतें.

पहिल्या फेडमध्यें ह्या दोन खिडक्यांमधील अंतर ३८ मिलिमीटर होतें. फेड-२ मध्यें तें ६७ करण्यांत आलें. माणसाच्या दोन डोळ्यांतील अंतराहून तें किंचित् अधिकच भरतें. त्रिकोणाचा पाया जितका रुंद, तितकें मोजमाप नेमकें; म्हणून हा स्वस्त कॅमेरा ह्या एका बाबतींत आपल्या जर्मन पूर्वजालाहि मागें टाकतो. शिवाय अंतर जुळविण्याची आणि दृश्य पाहण्याची अशा पूर्वीं डोळा लावण्याच्या दोन वेगळ्या जागा असत. फेड-२ मध्यें त्या एक झाल्या. डोळा एकदां लावला कीं हलवावा लागत नाहीं.

हातांत घेतल्यावर हें सारें वर्णन विसरून जातें. समोर नातवंडाला मांडीवर घेऊन बसलेली आजी असते. तिच्या नाकाच्या दोन रेषा दिसतात, त्या जवळ येतात, एक होतात. कुंभाराच्या चाकावरच्या मडक्याच्या दोन कडा एक होतात. यंत्रानें आपल्यासाठीं कांहीं केलें असें येथें वाटत नाहीं. पाहणाऱ्यानेंच दोन तुटक गोष्टींची गांठ घातली असें वाटतें. हें समाधान अगदीं लहान आहे, पण प्रत्येक चित्रागणिक तें नव्यानें मिळतें.

आतां हा कॅमेरा स्वस्त कां झाला आणि तो कोणीं केला, ही कथा. ती ऐकल्यावांचून त्याची संगत पुरी होत नाहीं.

पहिलें महायुद्ध, क्रांति, यादवी युद्ध आणि १९२१ चा दुष्काळ ह्या चार आघातांनीं रशिया आणि युक्रेनमध्यें लाखों मुलें निराधार झालीं. आगगाडीच्या डब्यांखालीं लपून तीं गांवोगांव भटकत, भीक मागत, खिसे कापीत. ह्या मुलांसाठीं वसाहती निघाल्या. त्यांपैकीं पोल्टावाजवळची एक वसाहत १९२० सालापासून आंतोन मकारेन्को नांवाच्या शिक्षकाकडे होती. पुढें १९२७ च्या अखेरीस खारकोव्हजवळ अशीच एक वस्ती निघाली आणि तिची धुरा त्यांनींच वाहिली. युक्रेनच्या गुप्त पोलिसांनीं आपल्या खात्याचे आद्य संस्थापक फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांच्या स्मारकादाखल ती वसविली होती, आणि त्यांच्या नांवाचीं तीन आद्याक्षरें म्हणजेच 'फेड'.

मकारेन्को यांची शिकवणूक थोडक्यांत सांगतां येते: मुलाला दयेनें नव्हे, जबाबदारीनें माणूस करावें. आपल्या पहिल्या वसाहतीविषयींच्या ग्रंथांत त्यांनीं एक प्रसंग वर्णिला आहे. चोरीमारीच्या वाटेनें आलेल्या एका तरुण मुलाला त्यांनीं घोडा दिला आणि पांचशें रूबल आणावयास एकट्याला पाठविलें. तो परत आला आणि पैसे मोजून घेण्याचा आग्रह धरूं लागला. त्यांनीं ते न मोजतांच ठेवून घेतले. त्या मुलाचें पुढलें आयुष्य त्या न मोजण्यानें बदललें.

खारकोव्हच्या वस्तींत हीच श्रद्धा यंत्रशाळेंत उतरली. मुलांनीं आधीं लांकूडकाम केलें, मग विजेवर चालणारे ड्रिल केले, आणि मग सर्वांत अवघड काम हातीं घेतलें: जर्मनांच्या लायकासारखा कॅमेरा. लायका २ जर्मनींत निघाला तो १९३२ सालीं. त्याच वर्षाच्या अखेरीस खारकोव्हला पहिले नमुने जुळविले गेले, आणि १९३४ पासून फेड नियमानें तयार होऊं लागला. ह्या कॅमेऱ्यांत भिंगाची बैठक आणि फिल्म ह्यांमधील अंतर २८.८ मिलिमीटर असावें लागतें. त्यांत केसाएवढा फरक पडला तरी चित्र बिघडतें. आरंभीं तर प्रत्येक भिंग त्या त्या कॅमेऱ्याशीं हातानें जुळवून बसवावें लागे. कालपर्यंत ज्या बोटांनीं खिसे कापले होते, त्याच बोटांवर हें काम सोंपविण्यांत आलें होतें. १९४१ पर्यंत दीड लाखाहून अधिक फेड तेथून बाहेर पडले.

परंतु ह्या उजळ चित्रावर एक काळी छायाहि आहे, आणि ती झांकून ही कथा सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. पहिले नमुने जुळविले जात होते त्याच १९३२-३३ च्या हिंवाळ्यांत, सरकारनें धान्य ओढून नेल्यामुळें, युक्रेनच्या खेड्यांत लाखों माणसें उपासमारीनें मरत होतीं. आणि हा दुष्काळ निभावून नेणाऱ्या राज्ययंत्राचा जो कणा, तें गुप्त पोलिसांचें खातेंच ह्या वस्तीचें आश्रयदातें होतें. जुन्या फेडच्या माथ्यावर त्या खात्याचें नांव कोरलेलें दिसतें. जें खातें कांहीं मुलांना घर देत होतें, तेंच इतर हजारों घरें उद्ध्वस्त करीत होतें. १९३५ सालीं मकारेन्को त्या वस्तींतून गेले आणि १९३९ सालीं वारले. कॅमेरा मात्र राहिला. ज्याच्या नांवानें तो ओळखला जातो त्याचें स्मरण कोणास प्रिय नसेल; पण ज्या मुलांनीं तो केला त्यांचीं नांवें कोठेंच कोरलेलीं नाहींत, आणि तो हातांत घेणाऱ्यानें खरें स्मरण त्यांचें ठेवावें.

१९४१ सालीं जर्मन सैन्य खारकोव्हपर्यंत आलें. कारखाना उचलून सायबेरियांत नोव्होसिबिर्स्कजवळच्या बेर्दस्क गांवीं न्यावा लागला. युद्ध संपल्यावर काम पुनः खारकोव्हला सुरू झालें. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यानें १९४८ सालीं फेडच्याच आराखड्यावरून 'झोर्की' हा भावंडासारखा कॅमेरा काढला. मग १९५५ सालीं आला तो फेड-२: तत्त्व जुनेंच, पण बांधणी पुष्कळ नवी. त्याची पाठ पूर्ण निघते. त्यामुळें फिल्मचें टोंक कात्रीनें विशिष्ट आकारांत कापून कॅमेऱ्याच्या बुडांतून आंत सरकविण्याची पूर्वींची कटकट संपली.

आतां वापराविषयीं. प्रकाश मोजण्याचें साधन नाहीं म्हटल्यावर नवखा माणूस गांगरतो. पण भारतांतल्या माणसाला ह्या बाबतींत निसर्गाची साथ आहे. जुना नियम असा: स्वच्छ उन्हांत भिंगाचें छिद्र १६ क्रमांकावर ठेवावें आणि पडद्याचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेइतका धरावा. फिल्म १०० ची असेल तर वेग सेकंदाच्या सुमारें शंभराव्या भागाचा. ४०० ची असेल तर पांचशेंव्या भागाचा, आणि फेड-२ चा सर्वांत मोठा वेग तोच. पातळ ढग आले कीं छिद्र एक पायरी मोठें करावें, दाट सांवलींत तीन पायऱ्या. कार्तिक ते फाल्गुन देशावरचें ऊन इतकें सारखें असतें कीं हा नियम सहसा चुकत नाहीं. महिन्याभरांत माणसाला प्रकाशाची पारख येते. अंगणांतल्या तुळशीपाशीं सकाळीं आठ वाजतां किती उजेड असतो आणि ओसरीवर किती, हें तो कॅमेरा हातांत नसतांनाहि मनाशीं मोजूं लागतो. ही पारख फेडनें दिलेली पहिली देणगी.

दुसरी देणगी अंतराची. भिंगाचें छिद्र ११ वर ठेवून अंतर पांच मीटरवर लावलें, तर सुमारें तीन मीटरपासून चौदा मीटरपर्यंत सारें स्पष्ट येतें. बाजारांत शिरण्यापूर्वीं एवढें करून ठेवलें कीं डोळा लावून जुळवाजुळव करण्यांत वेळ जात नाहीं. भाजीवालीनें गवारीची मूठ तराजूंत टाकली, कीं त्याच क्षणीं बटण दाबतां येतें. आणि आवाज म्हणावा तर कापडी पडदा सरकल्याचा एक हलका खट्. आरसा उचलणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत चित्र घेण्याच्या क्षणींच दृश्य अंधारतें. ह्यांत तसें होत नाहीं. 

गुण सांगितले, तसे दोषहि सांगावयास हवेत. डोळा भिंगांतून पाहत नसतो, निराळ्या खिडकींतून पाहत असतो. म्हणून भिंगावरचें झांकण काढावयाचें राहिलें तरी दृश्य स्वच्छ दिसतें, आणि छत्तीस चित्रांचा रोल कोरा निघतो. हा अपघात रेंजफाइंडर वापरणाऱ्या प्रत्येकास आयुष्यांत एकदां तरी होतोच. जवळच्या वस्तूच्या बाबतींत खिडकीला दिसणारें दृश्य आणि भिंगाला दिसणारें दृश्य ह्यांत फरक पडतो. घाईंत डोकें चौकटीबाहेर जातें. एका मीटरपेक्षां जवळ जातां येत नाहीं. फुलावरचा भुंगा किंवा दूरच्या झाडावरचा पक्षी टिपावयाचा असेल तर हें साधन नव्हे. आणि एक नियम कधींहि मोडूं नये: पडद्याचा वेग बदलावयाचा तो चावी फिरवून पडदा ताणल्यावरच. ताणण्यापूर्वीं बदलल्यास वेगाचा आंकडा फसवा ठरतो, आणि ह्याच घराण्यांतील कांहीं कॅमेऱ्यांचें तर यंत्रच दुखावतें.

विकत घेणाऱ्यानेंहि डोळस असावें. मुंबईच्या चोर बाजारांत किंवा अशाच एखाद्या जुन्या बाजारांत कॅमेरा हातीं आला, तर पाठ काढून तो उजेडाकडे धरावा. कापडी पडद्याला सुईएवढें भोंक असलें तरी प्रकाशाचा ठिपका दिसतो. मग भिंग अनंत अंतरावर लावून दूरच्या इमारतीकडे पाहावें. दोन प्रतिमा तेथें तंतोतंत जुळल्या पाहिजेत, आडव्याहि आणि उभ्याहि. सर्व वेगांवर पडदा सोडून कान द्यावा. कमी वेग आणि जास्त वेग ह्यांच्या आवाजांत फरक कळला पाहिजे. भिंगांतून बॅटरीचा उजेड पाडून बुरशीचें जाळें आहे का, तें पाहावें. आणि कोणी सोनेरी मुलाम्याचा, जर्मन लष्कराच्या खुणा कोरलेला 'लायका' अगदीं सवलतींत देऊं लागला, तर हंसून पुढें जावें. फेड आणि झोर्की यांच्या माथ्यावरचीं अक्षरें खरडून त्यांवर लायकाचें नांव कोरण्याचा धंदा फार जुना आहे. ज्या वस्तूला स्वतःचा इतका इतिहास आहे, तिला दुसऱ्याचें नांव लावून विकावें, ह्यासारखी तिची दुसरी विटंबना नाहीं.

घरीं आणल्यावर खरी काळजी पावसाळ्याची. कोंकणपट्टींतल्या दमट हवेंत चामड्याच्या पेटींत बंद करून ठेवलेल्या भिंगावर चार महिन्यांत बुरशी चढते. घट्ट झांकणाच्या डब्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा त्यांत ठेवावा, पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्या, आणि आठवड्यांतून एकदां कॅमेरा बाहेर काढून पांच-दहा वेळां पडदा सोडावा. जुन्या यंत्राला पडून राहणें मानवत नाहीं. ह्या बाबतींत तें म्हाताऱ्या माणसांसारखेंच आहे.

खर्चाचा विचारहि टाळून चालणार नाहीं. कॅमेरा स्वस्त आहे. नाद स्वस्त नाहीं. एके काळीं भारतांतच फिल्म तयार होई. उटकमंड येथें १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स ह्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म कित्येक घरांच्या लग्नमुंजींच्या चित्रांत सांपडेल. तो कारखाना आतां बंद पडला आहे, आणि जी फिल्म मिळते ती परदेशांतून येते. रोल, तो धुण्याचा खर्च आणि प्रिंटा ह्यांचा हिशेब केला, तर बटणाच्या प्रत्येक दाबाला किंमत पडते. सामान्य मिळकतीच्या माणसाला ती जाणवतेच.

पण नीट पाहिलें तर ह्या नादाचें मर्म ह्याच किमतींत आहे. फुकट मिळणाऱ्या हजार चित्रांपैकीं पुनः पाहिलीं जातात तीं किती? रोलमध्यें छत्तीसच जागा आहेत हें ठाऊक असलें, म्हणजे माणूस बटण दाबण्याआधीं थांबतो. हें चित्र हवें आहे का? उजेड कोठून येतो? मागचा विजेचा खांब आजीच्या डोक्यांतून उगवल्यासारखा दिसणार नाहीं ना? पुष्कळदां उत्तर येतें कीं चित्र नकोच; नुसतें पाहिलें एवढें पुरे. न घेतलेल्या चित्रानेंहि पाहणें शिकविलेलें असतें.

काळी-पांढरी फिल्म घरीं धुणें अवघड नाहीं. काळ्या कापडाच्या दुहेरी पिशवींत हात घालून रोल डब्यांतल्या चक्रावर गुंडाळावयाचा. मग डेव्हलपर, पाणी, हायपो आणि पुनः भरपूर पाणी. डेव्हलपर वीस अंशांच्या आसपास असावा लागतो. वैशाखांत नळाचें पाणी तीस अंशांकडे झुकतें, म्हणून डबा बर्फाच्या पाण्याच्या परातींत ठेवावा लागतो. घरांतल्या मुलांना ह्या कामांत घ्यावें. घड्याळ धरून मिनिटें मोजणें आणि दर मिनिटाला डबा हलविणें हें काम तीं मोठ्या निष्ठेनें करतात. शेवटीं डब्याचें झांकण निघतें, ओली पट्टी उजेडापुढें धरली जाते, आणि काळ्याचें पांढरें आणि पांढऱ्याचें काळें झालेल्या त्या इवल्या चौकटींत आजी ओळखूं येते, तेव्हां त्या न्हाणीघरांत जो आनंद होतो, तो क्षणांत दिसणाऱ्या चित्रानें होत नाहीं. मध्यंतरीं लोटलेल्या पंधरा दिवसांत चित्र विसरलें गेलेलें असतें. तें परत भेटतें.

ह्या प्रकारच्या लहान कॅमेऱ्यानें काय साधतां येतें, ह्याची साक्ष इतिहासांत आहे. आंरी कार्तिये-ब्रेसों ह्या फ्रेंच छायाचित्रकारानें १९३२ च्या सुमारास लायका हातीं घेतला आणि जन्मभर त्याची संगत सोडली नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत तो महात्मा गांधींना भेटला. त्यानंतर थोड्याच वेळांत गांधीजींची हत्या झाली, आणि त्या शोकाचीं, अंत्ययात्रेचीं त्यानें घेतलेलीं चित्रें जगानें पाहिलीं. त्याच्या कॅमेऱ्याजवळ फेडपेक्षां फार निराळें कांहीं नव्हतें: एक पन्नास मिलिमीटरचें भिंग, एक कापडी पडदा, एक रेंजफाइंडर. निराळी होती ती नजर. चांगला कॅमेरा घेतल्यानें चांगलीं चित्रें येतात, ही समजूत विक्रेत्यांच्या सोयीची आहे. आणि जुना कॅमेरा घेतल्यानें येतात, ही तितकीच खोटी. फेड फक्त एवढेंच करतो कीं चुकीचें खापर फोडावयास दुसरें कोणी ठेवीत नाहीं. अंतर चुकलें तर तें माणसाचें चुकलें, प्रकाश चुकला तर माणसाचा.

येथेंच ह्या कॅमेऱ्याची आणि त्या वस्तीची गांठ पडते. मकारेन्को यांनीं पैसे मोजले नाहींत. त्यांनीं विश्वास टाकला, आणि विश्वास टाकला म्हणून मुलगा जबाबदार झाला. त्या मुलांनीं जुळविलेलें हें यंत्रहि वापरणाऱ्याला पाठीमागून सांभाळीत नाहीं, सूचना देत नाहीं, चूक दुरुस्त करीत नाहीं. छत्तीस संधि त्याच्या हवालीं करतें आणि गप्प बसतें. पहिल्या दोन-तीन रोलांत तो त्या वाया घालवितो. मग हळूहळू वाया घालवीनासा होतो.

खारकोव्हला कॅमेरे तयार होणें विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत थांबलें. २०२२ सालीं युद्ध पुनः त्या शहराच्या वेशीशीं आलें आणि तेथील वस्त्यांवर बाँब आणि तोफगोळे पडले. पुनः मुलें घर सोडून आगगाडींत बसलीं. ज्या शहरानें एकदां निराधार मुलांच्या हातीं भिंग देऊन जगाकडे पाहावयास शिकविलें, त्याच्या नशिबीं हें दुसऱ्यांदा यावें, ही गोष्ट मन विषण्ण करते. तेथील कोणा अनाम कारागिरानें सत्तर वर्षांपूर्वीं बसविलेला एखादा फेड आज पुण्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या घरांत कपाटावर असेल. त्याची चावी फिरवावी, डोळा लावावा, आणि घरांतल्या सर्वांत वडील माणसाला खिडकीपाशीं बसवून दोन प्रतिमा एकमेकींवर येईपर्यंत थांबावें. तेवढ्या वेळांत बरेंच कांहीं दिसतें, जें एरवीं दिसलें नसतें.